वसतिगृहाची भोजन योजना घेताना: अटी कशा वाचाव्यात आणि हिशेब कसा मांडावा

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली की खोलीच्या करारासोबत भोजन योजनेचा, म्हणजेच मील प्लॅनचा, करारही सहीसाठी समोर येतो. खोली कोणत्या मजल्यावर आहे, सोबत कोण राहणार, स्नानगृह किती जणांत आहे याची चौकशी विद्यार्थी आणि पालक बारकाईने करतात; भोजन योजनेच्या बाबतीत मात्र ‘जेवण मिळते ना’ एवढ्यावर समाधान मानून सही केली जाते. मी काही वर्षे एका निवासी विद्यापीठाच्या भोजन समितीवर काम केले आहे. समितीपुढे येणाऱ्या अर्जांत चवीविषयीचे अर्ज त्या मानाने थोडे असत. बहुसंख्य अर्ज न वापरलेल्या जेवणांचे, चुकलेल्या मुदतींचे आणि न मिळालेल्या परताव्याचे असत, आणि त्यांतील बहुतेकांचे उत्तर अर्जदाराने स्वतः सही केलेल्या कागदावर आधीच छापलेले असे.

नियम प्रत्येक संस्थेत वेगळे असले तरी त्यांचे साचे मोजकेच आहेत. साचा ओळखता आला की कोणताही करार वाचणे सोपे जाते. त्यासाठी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: भोजन योजनेत आपण ठरावीक जेवणे विकत घेऊन ठेवत नाही, तर ठरलेल्या काळात, ठरलेल्या वेळी जेवायला मिळण्याचा हक्क विकत घेतो. हक्क वापरला नाही म्हणून त्याचे पैसे परत मिळतातच असे नाही, आणि पुढची जवळजवळ सर्व कलमे याच एका तत्त्वातून निघालेली असतात.

योजना कोणत्या प्रकारची आहे

पहिला प्रकार अमर्याद प्रवेशाचा. भोजनगृह उघडे असेल तेव्हा कितीही वेळा जाता येते. मात्र दोन प्रवेशांमध्ये काही मिनिटांचे अंतर असले पाहिजे, अशी अट पुष्कळदा असते, कारण तसे नसेल तर एकाच कार्डावर मित्रही आत येऊ लागतात. दुसरा प्रकार आठवड्याच्या ठरावीक जेवणांचा: आठवड्याला 10, 14 किंवा 19 जेवणे, आणि आठवडा संपला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण सत्रासाठी एकगठ्ठा जेवणे मिळतात आणि ती कोणत्या आठवड्यात किती वापरायची हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. चौथ्यात जेवणांची मोजणीच नसते. कार्डावर रक्कम जमा असते आणि प्रत्येक पदार्थाची किंमत तिच्यातून वजा होत जाते. अनेक ठिकाणी यांचे मिश्रण आढळते, म्हणजे आठवड्याला ठरावीक जेवणे आणि शिवाय उपाहारगृहात वापरण्यासाठी थोडी रक्कम.

मिश्र योजना घेताना दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. जेवणे आठवड्याच्या शेवटी रद्द होतात, तर रक्कम पहिल्या सत्रातून दुसऱ्या सत्रात पुढे जाऊ शकते आणि शैक्षणिक वर्ष संपताना रद्द होते, अशी रचना पुष्कळदा दिसते. तीतही एक पोटअट असते: दुसऱ्या सत्राची योजना घेतली, तरच पहिल्या सत्राची शिल्लक पुढे जाते. ही पोटअट सहसा परिशिष्टात किंवा तळटिपेत असते, म्हणून परिशिष्टही वाचावे.

योजना घेणे सक्तीचे आहे की ऐच्छिक, हेही याच टप्प्यावर पाहावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना किंवा स्वयंपाकघर नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना ती बहुधा सक्तीची असते, आणि काही इमारतींसाठी किमान कोणती योजना घ्यावी लागेल हेही ठरलेले असते. त्यामुळे खोलीचा पसंतिक्रम भरतानाच त्या इमारतीला कोणती योजना जोडलेली आहे हे विचारून घ्यावे. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर योजनेचा खर्च वाचेल या आशेने ती मागणाऱ्या आणि नंतर तिथेही लहान योजना सक्तीचीच आहे हे कळलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

खाड्यांचे गणित

खानावळीच्या हिशेबात न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणतात, आणि खाडे वजा करून बिल कमी व्हावे अशी जेवणाऱ्याची स्वाभाविक अपेक्षा असते. विद्यापीठाच्या योजनेत हा खाडा बहुधा आधीच दरात धरलेला असतो. सगळे विद्यार्थी सगळी जेवणे कधीच जेवत नाहीत; सकाळचा नाश्ता झोपेत जातो, सुट्टीच्या दिवशी लोक बाहेर असतात. सरासरीने किती जेवणे चुकतात याचा अंदाज संस्थेजवळ असतो, तेवढीच सामग्री शिजवली जाते आणि त्या अंदाजावरच दर ठरतो. शिवाय खर्चाचा मोठा भाग स्वयंपाक्यांचे पगार, इंधन, यंत्रे आणि इमारत यांचा असतो, आणि कोणी एक जण जेवायला आला नाही म्हणून तो कमी होत नाही. खाडा परत का मिळत नाही याचे खरे कारण हे आहे. ते पटो वा न पटो, हिशेब मात्र ते धरूनच करावा लागतो.

हिशेब असा मांडावा. सत्र 16 आठवड्यांचे आहे आणि योजना आठवड्याला 14 जेवणांची आहे असे समजू. छापील संख्या झाली 224. आता आपण खरोखर आठवड्याला 11 वेळाच जेवलो, तर दर आठवड्याला 3, म्हणजे सत्रात 48 जेवणे वाया गेली. योजनेची किंमत तीच राहिल्यामुळे प्रत्यक्षात घेतलेले प्रत्येक जेवण छापील दरापेक्षा सुमारे 27 टक्क्यांनी महाग पडले. दराच्या तक्त्यात ‘प्रति जेवण’ म्हणून दिलेला आकडा सगळी जेवणे जेवणाऱ्यासाठी असतो, हे लक्षात ठेवावे.

यावरून मोठी योजना नेहमीच तोट्याची असे मात्र नाही. कोणत्याही चलनाला लागू पडावे म्हणून रकमेऐवजी एकके घेऊ. 14 जेवणांच्या योजनेचा आठवड्याचा खर्च 14 एकके आहे, 10 जेवणांच्या योजनेचा 11.5 एकके आहे, कारण लहान योजनेत एका जेवणाचा दर सहसा चढा असतो, आणि योजनेबाहेर रोख पैसे देऊन घेतलेले जेवण 1.4 एककांना पडते. आठवड्याला 11 वेळा जेवणाऱ्याने लहान योजना घेतली तर त्याला 11.5 अधिक एका जेवणाचे 1.4, अशी 12.9 एकके लागतील. म्हणजे लहान योजना बरी. तोच 12 वेळा जेवत असेल तर 11.5 अधिक 2.8, म्हणजे 14.3 एकके होतात आणि मोठी योजना किंचित स्वस्त पडते. निवड फिरते ती एका जेवणाने, आणि ते एक जेवण कोणते हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असते. आपल्या विद्यापीठाच्या तक्त्यातील आकडे घालून हा हिशेब करायला दहा मिनिटे पुरतात.

किती वेळा जेवतो हा आकडा मात्र मनाने ठरवू नये. नवे सत्र सुरू होताना प्रत्येकाला आपण रोज नाश्ता करणार असे प्रामाणिकपणे वाटत असते. त्याऐवजी तासांचे वेळापत्रक समोर घ्यावे, भोजनगृहाच्या वेळा त्यावर मांडाव्यात आणि ज्या वेळी तिथे पोहोचणे शक्यच नाही त्या वेळा आधी खोडाव्यात. मग शनिवार-रविवार घरी किंवा नातेवाइकांकडे जाण्याची शक्यता असेल तर तीही खोडावी. जे उरते त्यातून आणखी एक कमी केले, की आकडा बहुधा बरोबर येतो.

आठवड्याच्या योजनेत मोजणी कोणत्या वाराला आणि किती वाजता नव्याने सुरू होते, हे माहीत असणे फार आवश्यक आहे. आमच्याकडे आठवडा शनिवारी मध्यरात्री संपत असे. एका शनिवारी रात्री भोजनगृह बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना एक विद्यार्थी तीन मित्रांना घेऊन आला. त्याच्या कार्डावर पाच जेवणे शिल्लक होती आणि ती वाया जाण्यापेक्षा मित्रांना जेवू घालावे, असा त्याचा सरळ विचार होता. पहिल्यांदा कार्ड लावले तेव्हा यंत्रावर हिरवा दिवा लागला, दुसऱ्यांदा लावले तेव्हा लाल. एका भोजनवेळेत एका कार्डावर एकच जेवण, असा नियम होता. ‘जेवणे माझीच आहेत ना?’ तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि खिडकीवरच्या बाई शांतपणे सांगत होत्या, ‘उद्या सकाळी तुझी पुन्हा चौदा होतील.’ दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, पण करार बाईंच्या बाजूने होता.

भोजनवेळेची व्याख्या म्हणूनच शोधून वाचावी. सकाळची वेळ कधी संपते आणि दुपारची कधी सुरू होते, उशिरा घेतलेला नाश्ता दुपारच्या जेवणात मोजला जातो का, दोन वेळांच्या मधल्या काळात कार्ड लावले तर काय वजा होते, याचे उत्तर तिथेच असते.

एकगठ्ठा योजना घेणाऱ्याची अडचण वेगळी असते. तिथे आठवड्याचा लगाम नसतो. 160 जेवणे 16 आठवड्यांत वापरायची असतील तर आठवड्याला 10 येतात, आणि आठवा आठवडा संपताना 80 शिल्लक असायला हवीत. त्या दिवशी 60 उरली असतील तर परीक्षेच्या दिवसांत रोख पैसे मोजावे लागणार, आणि 100 उरली असतील तर उरलेल्या आठवड्यांत ती संपणे कठीण. दर पंधरा दिवसांनी शिल्लक पाहून दिनदर्शिकेवर पेन्सिलने लिहून ठेवण्याची सवय मी अनेकांना लावली, आणि ज्यांनी ती पाळली त्यांचे अर्ज समितीपुढे सहसा आले नाहीत.

तारखा

खोलीचा ताबा मिळण्याची तारीख आणि योजना सुरू होण्याची तारीख एकच असेल असे गृहीत धरू नये. खोली दोन-तीन दिवस आधी मिळते आणि जेवण तास सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून, असे होऊ शकते. शेवटाकडेही तसेच: शेवटचे जेवण कोणत्या दिवशी कोणत्या वेळेचे, हे करारात लिहिलेले असते आणि खोली रिकामी करण्याची तारीख त्यानंतरची असू शकते. सत्राच्या मधली सुट्टी योजनेत धरलेली आहे का, त्या काळात भोजनगृह उघडे राहते का, आणि दूरच्या गावाहून आलेले जे विद्यार्थी सुट्टीत वसतिगृहातच राहतात त्यांच्यासाठी वेगळी सोय व वेगळे शुल्क आहे का, हे आधीच विचारावे.

सर्वांत महत्त्वाची तारीख योजना बदलण्याच्या मुदतीची. सत्र सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे योजना बदलण्याची मुभा बहुधा असते आणि त्यानंतर दार बंद होते. तेही अनेकदा एकाच बाजूने बंद होते: लहान योजनेतून मोठीत केव्हाही जाता येते, मोठीतून लहानीत मात्र मुदतीनंतर येता येत नाही. मनात संशय असेल तर सुरुवात लहान योजनेने करावी, हा माझा सल्ला या एका कलमावर उभा आहे. मुदत संपण्यापूर्वी दोन आठवड्यांचा प्रत्यक्ष वापर हाती आलेला असतो, आणि भोजन कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तो दिसतो. त्यावर निर्णय घ्यावा. करार पूर्ण वर्षाचा असेल तर दुसऱ्या सत्रासाठी तीच योजना आपोआप चालू राहते, आणि ती बदलायची असल्यास पहिल्या सत्राच्या अखेरीस वेगळी मुदत असते. परीक्षेच्या धामधुमीत नेमकी हीच मुदत विसरली जाते.

मध्येच सोडून जावे लागले तर

परताव्याचे कलम वाचताना केवळ ‘परतावा मिळेल’ एवढे वाक्य पाहून थांबू नये. परतावा कोणत्या पद्धतीने मोजला जाईल हे पाहावे. समजा, 112 दिवसांच्या सत्रासाठी 160 जेवणांची एकगठ्ठा योजना घेतली आहे आणि 40 दिवस पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला वसतिगृह सोडावे लागले. तोपर्यंत त्याने 75 जेवणे घेतलेली आहेत.

परतावा दिवसांवर मोजला तर 112 पैकी 72 दिवस उरले, म्हणजे सुमारे 64 टक्के रक्कम परत मिळते. तो वापरावर मोजला तर 160 पैकी 85 जेवणे उरली, म्हणजे सुमारे 53 टक्के. तिसरी पद्धत टप्प्यांची: पहिल्या दोन आठवड्यांत सोडल्यास कार्यालयीन शुल्क कापून जवळजवळ सर्व रक्कम, पाचव्या आठवड्यापर्यंत निम्मी, त्यानंतर काहीच नाही. चाळिसावा दिवस सहाव्या आठवड्यात येतो, म्हणजे या पद्धतीत हाती शून्य. विद्यार्थी तोच, दिवस तोच, आणि उत्तरे तीन. काही करारांत दिवस आणि वापर या दोन्ही पद्धतींनी मोजून जी रक्कम कमी येईल तीच दिली जाईल, असेही लिहिलेले असते.

टप्प्यांची पद्धत असेल तर सोडण्याचा निर्णय दोन दिवस लांबवल्याने एक संपूर्ण टप्पा हातचा जाऊ शकतो. तारीख कोणती धरली जाते हेही पाहावे: अर्ज दिल्याची, खोलीची किल्ली परत केल्याची, की शेवटचे जेवण घेतल्याची. बहुतेक ठिकाणी किल्ली परत केल्याची किंवा अधिकृतपणे खोली सोडल्याची नोंद प्रमाण मानली जाते. त्यामुळे सामान नेल्यावरही किल्ली खिशात राहिली, तर जेवण बंद आणि हिशेब चालू अशी विचित्र स्थिती होते. केवळ खोली बदलून दुसऱ्या इमारतीत गेल्याने योजना रद्द होत नाही. ती विद्यार्थ्यासोबत जाते. आणि शिस्तभंगामुळे वसतिगृहातून काढले गेल्यास परतावा न देण्याचे कलमही पुष्कळ करारांत असते.

संस्थाच भोजनगृह बंद करते तेव्हा काय, हा प्रश्न 2020 पर्यंत कोणी फारसा विचारत नव्हते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महासाथीमुळे वसतिगृहे रिकामी करावी लागली. तेव्हा अनेक विद्यापीठांनी उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने भोजनाची रक्कम परत केली किंवा पुढील देण्यात वळती केली. आजचा करार वाचताना नैसर्गिक आपत्ती, साथ, संप अशा कारणांनी सेवा थांबल्यास परतावा मिळेल, रक्कम खात्यात वळती होईल, की संस्थेवर कोणतीच जबाबदारी राहणार नाही, याचे कलम आहे का ते जरूर पाहावे.

शिष्यवृत्तीतून किंवा शैक्षणिक कर्जातून योजनेचे पैसे भरलेले असतील तर परताव्याची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती न येता आधी विद्यापीठाच्या खात्यातील इतर थकबाकीत वळती होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

कार्ड, पाहुणे आणि डबा

कार्ड ज्याचे त्यानेच वापरायचे, हा नियम जवळजवळ सर्वत्र आहे. मित्राला कार्ड देणे ही मैत्री वाटली तरी नियमांच्या दृष्टीने तो गैरवापर ठरतो, आणि कार्ड जप्त होण्यापासून शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत त्याची मजल जाऊ शकते. पाहुण्यांसाठी काही योजनांत वेगळी जेवणे दिलेली असतात. ती सत्रातून मोजकीच असतात आणि यजमान विद्यार्थ्याने सोबत असणे आवश्यक असते. कार्ड हरवल्यास ते ताबडतोब बंद करून घ्यावे. हरवल्याची नोंद होईपर्यंत झालेला वापर बहुधा कार्डधारकाच्या माथी येतो, नोंदीनंतरचा येत नाही, म्हणून कार्यालय बंद असेल तर अ‍ॅपवरून किंवा ईमेलने कळवून वेळेची नोंद राहील असे करावे.

भोजनगृहात बसून कितीही घेता येते, पण बाहेर काही नेता येत नाही, हा नियम नव्या विद्यार्थ्यांना जाचक वाटतो. जिथे डबा नेण्याची परवानगी असते तिथे बहुधा एका वेळी बसून जेवणे किंवा डबा नेणे यांपैकी एकच निवडावे लागते आणि डबा संस्थेने दिलेलाच वापरावा लागतो. यामागे नासाडीइतकेच अन्नसुरक्षेचेही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचे असेल तर ते 60 अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि थंड ठेवायचे असेल तर 5 अंशांच्या खाली. भोजनगृहातील गरम पेट्या हे तापमान राखतात. दुपारी भरून दप्तरात ठेवलेला आणि रात्री अभ्यास करताना उघडलेला डबा ते राखत नाही.

पथ्य आणि अ‍ॅलर्जी

या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही. करारात ‘विविध आहारपद्धतींची सोय केली जाईल’ असे मोघम वाक्य असते. आवडनिवड, धर्माने किंवा तत्त्वाने पाळलेला आहार, आणि वैद्यकीय कारणाने पाळावे लागणारे पथ्य या तीन गोष्टी संस्था वेगवेगळ्या हाताळते. पहिलीसाठी पर्याय ठेवण्याचा प्रयत्न होतो, दुसरीसाठी बहुधा स्वतंत्र पदार्थ असतात, आणि तिसरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह रीतसर अर्ज लागतो. उपवासामुळे जेवणाच्या वेळा बदलणार असतील तर तसे आधी कळवल्यास डबा बांधून देण्याची सोय होऊ शकते. त्या दिवशी सकाळी खिडकीवर सांगून ती होत नाही.

अ‍ॅलर्जी असलेल्या विद्यार्थ्याने पदार्थांच्या पाट्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न देशागणिक बदलतो. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2014 पासून लागू असलेल्या नियमांनुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती वेष्टनाविना दिल्या जाणाऱ्या, म्हणजे भोजनगृहात वाढल्या जाणाऱ्या, अन्नाबाबतही द्यावी लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यातील यादी 9 घटकांची आहे, त्यांतील तीळ 1 जानेवारी 2023 पासून जोडला गेला, आणि तो कायदा मुख्यतः वेष्टनबंद अन्नाच्या लेबलांविषयी आहे. एका देशात शिकून दुसऱ्या देशात गेलेल्या विद्यार्थ्याने तिथल्या पाट्याही तेच सांगतात असे समजू नये. शिवाय पाटी सांगते ती पाककृतीतील घटकांविषयी. तेच उलथणे दोन कढयांत फिरले, तळणीचे तेल तेच राहिले, किंवा स्वतः वाढून घेण्याच्या टेबलावर कोणी एका भांड्यातील डाव दुसऱ्यात घातला, तर पाटी बरोबर असूनही ताट धोक्याचे होते. म्हणून तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या जागी केलेले जेवण आधी सांगून मिळू शकते का, हे लेखी विचारावे आणि योजना सुरू होण्यापूर्वी मुख्य स्वयंपाक्याची किंवा आहारतज्ज्ञाची एकदा भेट घ्यावी.

सक्तीची योजना आणि वैद्यकीय पथ्य यांचा मेळ बसत नसेल तर विद्यार्थ्याची बाजू लंगडी असतेच असे नाही. अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या न्याय विभागाने मॅसॅच्युसेट्समधील लेस्ली विद्यापीठाशी एक समझोता केला. सीलिअ‍ॅक विकार (गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा विकार) किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या योजनेत सुरक्षित जेवण मिळत नाही, अशी तक्रार त्यामागे होती. विद्यापीठाने ग्लुटेनविरहित आणि अ‍ॅलर्जीकारक घटक नसलेले पदार्थ नेहमी उपलब्ध ठेवणे, आधी मागणी नोंदवण्याची सोय करणे आणि अशा जेवणासाठी स्वतंत्र जागा राखणे मान्य केले. हा दाखला त्या देशापुरता आहे, परंतु मागणी कशी मांडावी हे त्यातून शिकण्यासारखे आहे. ‘मला सूट द्या’ एवढेच न म्हणता सुरक्षित जेवणासाठी नेमके काय लागेल ते लिहावे, आणि ते शक्य नसेल तर सूट मागावी.

आजारपण आणि तासांच्या वेळा

विद्यार्थी आजारी असेल तर अनेक ठिकाणी त्याच्या वतीने मित्राला जेवण नेता येते, मात्र त्यासाठी अधिकारपत्र किंवा आधी भरलेला अर्ज लागतो. प्रयोगशाळेचे तास किंवा सराव भोजनवेळेवर येत असतील तर बांधून दिलेले जेवण मागता येते का, ते विचारावे. क्षेत्रभेटीला किंवा काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाला बाहेर जायचे असल्यास त्या काळाची वजावट बहुधा फक्त आधी कळवल्यास, आणि सलग ठरावीक दिवसांहून जास्त गैरहजेरी असल्यासच मिळते.

अर्ज कसा लिहावा

सूट, बदल किंवा परतावा हवा असल्यास तोंडी बोलणे उपयोगाचे नाही. समितीवर असताना मी पाहिले की भावनेने लिहिलेल्या दोन पानी अर्जापेक्षा कलमाचा क्रमांक, तारीख आणि मागणी असलेल्या पाच ओळी लवकर निकाली निघतात. नमुना असा:

‘माझ्याकडे आठवड्याला 14 जेवणांची योजना आहे. करारातील योजना बदलण्याच्या कलमानुसार तिसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत बदल करता येतो. माझ्या बदललेल्या वेळापत्रकानुसार आठवड्यातील चार दिवस दुपारच्या भोजनवेळेत मला प्रयोगशाळेत थांबावे लागते. वेळापत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तरी येत्या आठवड्यापासून मला 10 जेवणांच्या योजनेत घ्यावे आणि फरकाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती. अर्ज मिळाल्याची तारखेसह पोच द्यावी.’

पोच मागण्याची ओळ कधीही गाळू नये, कारण वाद झाला की अर्ज मुदतीत दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. अर्ज फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे आणि त्यावर दाद कोणाकडे, किती दिवसांत मागायची हे पाहावे. हे अपिलाचे कलम करारात नसेल तर ते सहसा वसतिगृहाच्या सर्वसाधारण नियमावलीत असते. अपिलात नवी माहिती किंवा नवा पुरावा द्यावा. तोच मजकूर चढ्या सुरात पुन्हा लिहिल्याने निर्णय बदलल्याचे मला आठवत नाही.

सत्र संपत आले की शेवटच्या तीन आठवड्यांत कार्डावरील जेवणे आणि रक्कम दोन्ही पाहावीत. काही ठिकाणी उरलेल्या रकमेतून टिकाऊ, वेष्टनबंद वस्तू घेता येतात, काही ठिकाणी उरलेली जेवणे गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या निधीत देता येतात. त्यासाठीही अंतिम तारीख असते. वर्षाचा करार संपताना योजना पुढील वर्षासाठी आपोआप नूतन होत नाही ना याची खात्री करून घ्यावी, खोलीची किल्ली देताना मिळणाऱ्या पावतीसोबत भोजन खात्यावर काही देणे नसल्याचा कागद मागून घ्यावा आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तो जपून ठेवावा.